नहपानाचं नाक

मिरजगावच्या घरी आजीच्या डब्यात दोन राणीछाप रुपये आहेत. परवा ते हातात घेतले आणि डोक्यात जोगलटेंभी सुरू झाली.

१९०६ साली नाशिकजवळच्या या गावात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं. तेरा हजारांहून जास्त! त्यातल्या नऊ हजारांवर तरी गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवल्यावर आपला ठसा मारलेला... एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. आटवायची भानगडच नाही, थेट ओव्हरराइट.

रोमची तऱ्हा वेगळी. इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पडलं आणि सम्राट व्हेस्पेशियनच्या चांदीच्या नाण्यावर विजयचिन्हाखाली बसून शोक करणारी ज्यू बाई आली. म्हणजे भाजी घेतानाही हरलेल्याचा अपमान हातात. मला तरी हे खुजं वाटतं.

पण लगेच "आपला राजा कसा मोठ्या मनाचा" वगैरे नको हं. नाशिकच्या पांडवलेण्यात त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या लेखात क्षहरात घराणं समूळ संपवल्याची फुशारकी आहेच. तरी लेखापेक्षा मला नाणं खरं वाटतं. ठसा पुरता बसला नाही, तिथे खालून नहपानाचं नाक, डोळा अजून डोकावतो.

आजीच्या रुपयावरची राणी मात्र स्वच्छ दिसते. तिच्यावर कुणी ठसा मारलाच नाही. स्वतंत्र भारताची स्वतःची नाणी यायलासुद्धा १९५० उजाडलं. तोवर राजाछापच चालू होते.