पिल्लाला गोठ्यामागे बांधू नका

राखणीचा कुत्रा तिखट व्हावा म्हणून पिल्लू दीड-दोन महिन्यांचे होताच त्याला गोठ्यामागे साखळीने अडकवायचे, परक्याचा हात लागू द्यायचा नाही, अशी पद्धत बेळगाव-खानापूरकडच्या खेड्यांत अजून पाहावयास मिळते. ही पद्धत आम्हांला मुळीच मान्य नाही. तिचे फळ बहुधा शेजारच्या मुलांना भोगावे लागते.

असा कुत्रा तिखट होत नाही, भित्रा होतो. आणि भित्रा कुत्राच अवचित चावतो. चोर येवो, पोस्टमन येवो की शाळेतून येणारे पोर येवो, तो सर्वांवर सारखाच भुंकतो. मग घरचेही त्याच्या भुंकण्याकडे लक्ष देईनासे होतात. याला राखण कशी म्हणावी?

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाला जे जे भेटते, ते त्याला आपले वाटू लागते. पुढे ते दार जवळजवळ मिटते. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत काही पिल्ले उंच कुंपणाच्या आवारात, माणसाचा सहवास न देता वाढविली होती. त्याचा अहवाल १९६१ साली प्रसिद्ध झाला. चौदा आठवडे माणसापासून दूर राहिलेली पिल्ले रानटी जनावरासारखी बुजरी निघाली. आमच्याकडे हौसेने मुधोळचे पिल्लू आणणारे पुष्कळ आहेत. ही जात मुळातच परक्यापासून अंग राखून असते, म्हणून तिच्या बाबतीत तर हयगय नकोच.

पिल्लू आईपासून आठव्या आठवड्याच्या सुमारास तोडावे, त्याआधी नव्हे. घरी आणल्यावर रोज एखादी नवी गोष्ट दाखवावी: उघडलेली छत्री, घोंगडी पांघरलेला गडी, काठी टेकत येणारी आजी, कुकरची शिट्टी, सायकल, ट्रॅक्टर, कोंबड्या, बैल. (आमच्या लांब झग्यालाही पुष्कळ कुत्री बिचकतात!) मात्र जबरदस्ती करू नये. पाहुण्याने खाली बसून भाकरीचा तुकडा पुढे करावा, पिल्लू आपणहून येईल. मागे सरले तर सरू द्यावे. त्याचे कान, पंजे, तोंड रोज हाताळावे, म्हणजे पुढे डॉक्टरांचे काम सोपे होते. ते जेवत किंवा झोपलेले असताना मुलांनी त्याला हात लावू नये, आणि शेपटी तर कधीच ओढू नये.

लस पुरी झाल्याशिवाय बाहेर नेऊ नका, असे डॉक्टर सांगतात, मग हे जमावे कसे? शंका रास्त आहे. पार्व्हो नावाच्या रक्ती हगवणीने पुष्कळ पिल्ले दगावतात. म्हणून बाजाराच्या वाटेवर किंवा उकिरड्यावर त्याला खाली सोडू नये. कडेवर किंवा टोपलीत घेऊन फिरवावे, माणसे अंगणात बोलवावीत. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, पुढच्या दर तीन-चार आठवड्यांनी चौथा महिना भरेपर्यंत, आणि रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. ती चुकवू नये. घरच्या पिल्लाचा दात लागून रक्त आले तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मिरची, चुना, हळद काही भरू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

"मग चोरालाही तो शेपूट हलवील," असे आमचे काही शेतकरी बंधू म्हणतात. तसे होत नाही. वयात येताना राखणीची वृत्ती कुत्र्यात आपोआप उतरते. रोजची माणसे ज्याला ठाऊक आहेत, त्यालाच रात्री कुंपणावरून येणारा वेगळा वाटतो.

ज्यांचा कुत्रा बांधूनच मोठा झाला आहे, त्यांनी त्याला एकदम माणसांत सोडण्याचे धाडस करू नये. सवय हळूहळू लावावी. तोवर पाहुणे आले की त्याला वेगळ्या खोलीत ठेवावे, आणि साखळीची लांबी फाटकापर्यंत पोहोचत नाही ना, हे आजच मोजून पाहावे.