पंखांवरून येतो, बारदानातून फिरतो



थंडी पडली की वर्तमानपत्रांत ‘बर्ड फ्लू’ हा शब्द पुन्हा दिसू लागतो. आपल्या घरांतून ही बातमी बहुधा वाचली जात नाही. जे आपल्या ताटात नाही, त्याच्याशी आपला काय संबंध, अशी सहज भावना असते. परंतु मका, सोयापेंड, बारदान, वाहतूक किंवा शेतीची खते यांपैकी एखादा व्यापार करणाऱ्या कुटुंबाने या प्रश्नाचा पुन्हा विचार करावा, असे मला वाटते.

आपले आळेफाटाच पाहा. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग येथे एकमेकांना छेदतात. कांद्याचे लिलाव, जनावरांचा बाजार, धान्याच्या वखारी आणि दिवसरात्र चालणारी मालवाहतूक यांवर हे गाव उभे आहे. जुन्नर व आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर शेतीला जोड म्हणून कुक्कुटपालनाच्या शेड उभ्या राहिल्या. त्यांना लागणारे धान्य बाजारातून जाते आणि त्यांचे कोंबडखत कांदा, टोमॅटो, द्राक्षांच्या शेतांत येते. दुसऱ्या बाजूला येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगा अशी धरणे असून त्यांच्या पाण्यावर पाणपक्षी उतरतात. या रोगाच्या प्रवासाला जे जे लागते, ते सारे येथे जवळजवळ नांदत आहे.

हा इन्फ्लुएन्झा विषाणू मूळचा रानटी बदके, हंस, कुरव अशा पाणपक्ष्यांचा. त्यांच्या आतड्यांत तो राहतो, विष्ठेवाटे पाण्यात उतरतो आणि थंड पाण्यात बराच काळ टिकतो. अनेकदा या पक्ष्यांना फारसा त्रासही होत नाही. त्याचा सौम्य प्रकार कोंबड्यांत शिरला, तर थोडी सर्दी होते, अंडी कमी होतात, एवढ्यावर निभावते. मात्र ‘एच 5’ आणि ‘एच 7’ या गटांतील सौम्य विषाणू कोंबड्यांत फिरता फिरता बदलून अतितीव्र होऊ शकतो.

सौम्य आणि तीव्र यांतील भेद समजून घेण्यासारखा आहे. विषाणूच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते. त्याच्या आधारे तो पेशीला चिकटतो व आत शिरतो. हे प्रथिन कामास येण्यासाठी ठरावीक जागी त्याचे दोन तुकडे व्हावे लागतात आणि ते काम पक्ष्याच्याच शरीरातील विकरे करतात. सौम्य विषाणूला चालणारी विकरे मुख्यतः श्वसनमार्गात व आतड्यांत असतात, म्हणून तो तेथेच अडकून पडतो. तीव्र विषाणूत त्या जागेची रचना बदललेली असते आणि तिला शरीरात सर्वत्र आढळणारी विकरे तोडू शकतात. मग मेंदू, हृदय, यकृत, काहीच सुटत नाही. तुरा व गलोल सुजून निळसर पडतात, पायांवर रक्ताचे ठिपके दिसतात, पक्षी खाद्य-पाणी सोडतात. कित्येकदा यातले काहीही दिसण्यापूर्वीच मरतूक सुरू होते आणि दोनतीन दिवसांत शेड रिकामी होते.

एका छपराखाली हजारो पक्षी एकाच तुसावर, एकाच पाण्याच्या नळीवर वाढत असतात. आजारी पक्ष्याची लाळ, नाकातील स्राव आणि विष्ठा यांतून विषाणू बाहेर पडतो, त्यामुळे शेडमध्ये तो वेगाने पसरणार हे उघड आहे. व्यापाऱ्याने विचारावा असा प्रश्न पुढचा आहे. एका शेडमधून तो पाच कोसांवरच्या दुसऱ्या शेडमध्ये कसा जातो? कोंबडी काही उडत जात नाही. पहिला विषाणू पाणपक्ष्याने आणला असेल. पुढचा प्रवास बहुतांशी माणसाच्या व्यवहारातून होतो. मजुराच्या चपला, टेम्पोची चाके, पक्षी भरायच्या जाळ्या, अंड्यांचे ट्रे, न कुजवलेले कोंबडखत, उघड्यावर टाकलेले मृत पक्षी आणि त्यांवर तुटून पडणारे कावळे-कुत्री ही त्याची वाहने. याच यादीत शेडमधून परत येणारे खाद्याचे रिकामे बारदान बसते. तेच झटकून, पुन्हा मका भरून आपण दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाठवतो. बारदानाचे चार पैसे वाचतात, आणि विष्ठेचा वाळलेला कणही सोबत जातो.

महाराष्ट्राने याचा धडा सर्वांत आधी घेतला. 18 फेब्रुवारी 2006 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने ‘एच 5 एन 1’ची खात्री दिली, तोवर तेथे हजारो पक्षी मेलेले होते. ही राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, असेच अनेक पोल्ट्रीधारक म्हणत होते. दोन्ही रोगांची लक्षणे इतकी मिळतीजुळती, की प्रयोगशाळेवाचून निवाडा होत नाही. नंतर लाखो पक्षी नष्ट करावे लागले. मार्चमध्ये रोग जळगाव जिल्ह्यात आढळला. मागणी देशभर कोसळली, त्यामागोमाग खाद्याला लागणाऱ्या मक्याचा उठावही मंदावला. नवापूरवर हे संकट फेब्रुवारी 2021 मध्ये दुसऱ्यांदा आले; त्याआधी जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात सुमारे 800 कोंबड्या मेल्या होत्या.

बँकेत कृषी कर्जे पाहताना एक गोष्ट मी अनेकदा अनुभवली. संकट आले की माणूस पहिल्यांदा ते झाकू पाहतो. या रोगात झाकणे सर्वांत महाग पडते. राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणाभोवती 1 किलोमीटरमधील पक्षी नष्ट केले जातात आणि 10 किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते. आधीच मेलेल्यांची त्यात धरली जात नाही. म्हणजे कळवायला होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या उशिराने भरपाईस पात्र पक्षी कमी होतात, आणि शेजाऱ्याची शेड धोक्यात येते ती वेगळीच. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या कायद्याने संशयित रोगाची माहिती देणे मालकावर बंधनकारकही केले आहे.

करार पद्धतीत पिल्ले आणि खाद्य कंपनीचे, शेड, मजुरी व कर्ज शेतकऱ्याचे असते. अशा वेळी भरपाई कोणाच्या नावे येणार, हे करारात आधीच वाचून घ्यावे. अशा शेतकऱ्याला उधारीवर माल देणाऱ्यानेही ते विचारावे. त्याचा हप्ता थकला, की आपली वसुलीही थकते.

अफवेचे नुकसान मात्र रोगाहून मोठे असते. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये कोंबडीचा काडीमात्र संबंध नसताना कोरोनाच्या अफवेने राज्यातील हा धंदा आडवा झाला. म्हणून समाजमाध्यमांवर आलेला संदेश पुढे पाठवण्यापूर्वी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. माणसाला हा रोग क्वचित होतो, आणि तोही बहुधा आजारी किंवा मृत पक्ष्यांच्या निकट संपर्कातून. क्वचित असला तरी तो जिवावर बेततो. 2021 मध्ये आपल्या देशात एक बालक त्याने दगावले.

व्यापाऱ्याने करण्यासारख्या गोष्टी थोड्या आणि स्वस्त आहेत. पोल्ट्रीतून आलेले बारदान पुन्हा वापरू नये. माल नव्या पोत्यातच द्यावा. गाडी शेडच्या दारात न नेता बाहेरच माल उतरवावा. चाके आणि पादत्राणे आधी घासून धुवावीत, मग जंतुनाशक वापरावे. शेण-मातीच्या थराखाली जंतुनाशक निष्प्रभ ठरते. वखारीत पक्षी व उंदीर शिरणार नाहीत, अशी जाळी लावावी. एकाच फेरीत दोन शेडना भेट देणे टाळावे.

शेवटची विनंती आपल्या जीवदया मंडळांतील तरुणांना. संक्रांतीच्या सुमारास मांजाने जखमी झालेले पक्षी उचलण्याचे मोठे काम तुम्ही करता. हाच काळ या रोगाचाही असतो. जानेवारी 2025 मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मरून पडू लागले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्यामुळे पक्षी हाताळताना हातमोजे व मुखपट्टी वापरा, काम संपल्यावर साबणाने हात धुवा आणि त्याच कपड्यांनी कोणाच्या पोल्ट्रीकडे जाऊ नका. एकाच जागी अनेक पक्षी मेलेले दिसले, तर त्यांना हात न लावता लगेच पशुसंवर्धन विभागाला कळवा. त्या एका फोनमुळे पंचक्रोशीतील हजारो जीव वाचू शकतील.