पडद्यावरील इतिहास

ऐतिहासिक मालिका मुलांनी पाहाव्यात की पाहू नयेत, यावर वडीलधाऱ्या मंडळींत नेहमी वाद होतो. एक पक्ष म्हणतो, हा सारा वेळेचा अपव्यय आहे. दुसरा पक्ष म्हणतो, घरबसल्या इतिहास कळत असताना पुस्तके चाळण्याचे कष्ट कशाला? माझ्या मते हे दोन्ही पक्ष चुकतात. मुलांनो, मालिका अवश्य पाहा, आनंदाने पाहा. मात्र पाहताना विचार जागा ठेवा.

'स्वामी' या मालिकेचेच उदाहरण घेऊ. रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली व १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. पानिपतच्या पराभवानंतर १७६१ साली, वयाच्या अवघ्या १६ व्या वर्षी माधवराव पेशवे झाले. खचलेले राज्य त्यांनी सावरले, आणि १७७२ साली, वयाच्या २७ व्या वर्षी थेऊर येथे क्षयरोगाने त्यांचा अंत झाला. त्या अल्पायुषी, तेजस्वी पुरुषाची ही कथा आहे. पुढे १९८७ च्या सुमारास गजानन जागीरदार यांच्या दिग्दर्शनाखाली ती दूरदर्शनवर मालिकारूपाने आली. रवींद्र मंकणी माधवराव झाले, तर मृणाल देव, म्हणजे आजच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई झाल्या.

अशा मालिकेचे उपकार थोडे नाहीत. ज्या आजीला अक्षरओळख नाही, तिलाही थोर लेखकाची कथा त्यामुळे कळते. तिचा नातू आणि ती एकाच प्रसंगाने गहिवरतात. शिवाय पडद्यावर पाहिलेली कथा पुस्तकात कशी असेल, हे कुतूहल जागे झाले, म्हणजे वाचनाचे दार आपोआप उघडते.

परंतु एक गोष्ट ध्यानी धरावी. आपल्यापर्यंत येणारी ही कथा तीन हातांतून आलेली असते. पहिला हात इतिहासकाराचा. जुनी पत्रे, तह, हिशेब यांवरून जे सिद्ध होते, तेवढेच तो सांगतो. दुसरा हात कादंबरीकाराचा. माधवराव व रमाबाई एकांतात काय बोलले, हे कोणी टिपून ठेवलेले नाही; ते संवाद लेखकाच्या प्रतिभेने निर्माण केले. तिसरा हात दिग्दर्शकाचा. त्या संवादांना तो चेहरा, आवाज आणि वेशभूषा देतो. म्हणून पडद्यावरील प्रत्येक शब्द खरा मानणे जितके अयोग्य, तितकेच तो खोटा म्हणून झिडकारणेही अयोग्य.

हा भेद समजण्यासाठी जालना जिल्ह्यातील मुलांना फार दूर जावे लागत नाही. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. पलीकडे, बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, नदीकाठी राक्षसभुवन हे गाव आहे. तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे आणि निजामअली यांच्यात मोठी लढाई झाली. निजामअली नदी ओलांडून उत्तर तीरावर गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिण तीरावर मागे राहिला होता. लढाईच्या धामधुमीत राघोबादादांचा हत्ती शत्रूने वेढला. याच काकांनी आदल्या वर्षी माधवरावांना नजरकैदेत ठेवले होते; तरीही माधवराव त्यांच्या सुटकेसाठी धावून गेले. विठ्ठल सुंदर मारला गेला. नदीला पूर असल्यामुळे पलीकडच्या निजामअलीला मदत करता आली नाही. तो पूर आणि ते अफाट सैन्य लहानशा पडद्यावर मावणे कठीण. वाचताना मात्र त्याला आपल्या कल्पनेत हवी तेवढी जागा मिळते. शहागडच्या पुलावरून पावसाळ्यातील गोदावरीचे पात्र पाहिले, की ती लढाई अधिकच उमगते.

आता या कथेच्या शेवटाकडे वळू. पतीच्या मृत्यूनंतर रमाबाई सती गेल्या. हा प्रसंग पाहताना डोळे भरून आले, तर त्यात वावगे काही नाही. पण अश्रू पुसल्यावर स्वतःला विचारावे, की ऐन तारुण्यातील एका स्त्रीने अग्नीत प्रवेश करावा, यात धन्यता ती कोणती? या रूढीवर १८२९ साली बंगाल प्रांतात कायद्याने बंदी आली. त्यासाठी राजा राममोहन रॉय यांच्यासारख्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. सुंदर संगीत आणि मंद प्रकाश यांच्या आवरणाखाली त्या रूढीचे क्रौर्य झाकले जाऊ नये. रमाबाईंच्या निष्ठेविषयी आदर बाळगावा. त्या प्रथेविषयी मात्र मुळीच नाही.

मुलांनो, चांगला प्रेक्षक कथेत रमतो आणि कथा संपल्यावर विचार करू लागतो. म्हणून एखादी ऐतिहासिक मालिका आवडली, की ग्रंथालयात जाऊन तिची मूळ कादंबरी मागा, आणि मग त्या काळाचा इतिहासही वाचा. मालिकेने तुमचा आनंद सुरू होईल. तो पुरा करण्याचे काम पुस्तकांचे आणि तुमच्या बुद्धीचे आहे.