हासळी मोडली असेल तर गोणीला हात लावू नका

कांद्याचा हंगाम भरात आला की विंचूरच्या बाजार आवाराबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि मोटारसायकलवाले त्यातून वाट काढतात. गाडी घसरते, माणूस खांद्यावर आपटतो आणि गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे हासळी, काडकन मोडते. दवाखान्यात याला कॉलरबोन म्हणतात. विंचूर हे घोडदळाच्या सरदारांचं, विंचूरकरांचं गाव. हे दुखणं घोड्यावरच्यांनाही नवं नव्हतं. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम 1702 मध्ये घोड्यावरून पडला तेव्हा त्याचीही हासळीच मोडली होती.

पडल्यावर खांदा खाली ओघळलेला दिसला, हात उचलवेना, हाडावर उंचवटा आला, तर हात छातीशी धरून झोळीत घ्या आणि एक्स-रे काढा. हाड कातडीला आतून टोचतंय, हात बधिर किंवा गार पडलाय, दम लागतोय, असं असेल तर थेट 108 ला फोन करा. आणि तेल लावून चोळणाऱ्याकडे जाऊ नका. या हाडाच्या मागूनच हाताच्या नसा आणि मोठ्या रक्तवाहिन्या जातात. तुटकी टोकं तिथं चोळून ‘बसवायची’ नसतात.

बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, प्लॅस्टरही घालत नाहीत. झोळी पुरते. आठाच्या आकाराच्या पट्ट्यानं हाड जास्त लवकर जुळतं असं दिसलेलं नाही, काखेत मात्र तो काचतो. टोकं फार सरकली असतील किंवा तुकडे झाले असतील तर प्लेट बसवायची की नाही, ते डॉक्टर सांगतील.

सदरा पुढून बटणांचा घ्या. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. पहिले काही दिवस पाठीशी उशा लावून अर्धवट बसून झोपलेलं बरं. बोटं, मनगट, कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवत राहा, नाहीतर आखडतात. तंबाखू, बिडी, मिसरी बंद; हाड जुळायला त्यानं उशीर लागतो.

खरी फसगत तिसऱ्या आठवड्यात होते. दुखणं ओसरतं आणि माणूस झोळी खुंटीला टांगतो. घरातल्या बाईची झोळी तर दवाखान्याच्या वाटेपुरतीच असते; घरी आली की धुणं, कळशी, भाकरी आहेच. घरच्यांना हे दिसत नाही असं नाही. मुलांचं हाड 3-4 आठवड्यांत सांधतं, मोठ्यांना 6 ते 8 आठवडे लागतात, आणि जड ओझं साधारण 3 महिन्यांनी. तेही एक्स-रे बघून. त्याआधी 50 किलोची गोणी उचलली किंवा ट्रॉलीवरून उडी मारली, तर कोवळा सांधा पुन्हा सुटू शकतो.

द्राक्षवाल्यांनी जास्त जपावं. मांडवाखाली छाटणी म्हणजे दिवसभर हात डोक्याच्या वर, आणि डॉक्टर सांगेपर्यंत नेमका खांद्याच्या वरच हात न्यायचा नसतो. एप्रिलची खरड छाटणी तोंडावर असेल तर यंदा कात्री दुसऱ्याच्या हाती द्या. हाड जुळल्यावर तिथं एखादी गाठ हाताला लागेल. ती राहिली तरी बिघडत नाही. दोन-तीन महिन्यांनंतरही तिथं दुखत असेल किंवा हाड हललेलं जाणवत असेल, तर मात्र जुना एक्स-रे बरोबर घेऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.