घाटात उकळलेली गाडी

परवा कोकणातून परतताना आंबा घाट चढत होतो. मे महिना, गाडीत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि एसी सुरू. अर्ध्या घाटात बायको म्हणाली, "अहो, तो काटा एवढा वर असतो का?" काटा लाल पट्टीला टेकलेला! गाडी कडेला घेतली तर बॉनेटखालून वाफ.

मी झाकण उघडायला निघालो, तेवढ्यात बाबा मागून ओरडले, "हात लावू नकोस!" त्यांच्या मनगटावर जुन्या फियाटच्या रेडिएटरनं दिलेला डाग आहे. आत दाब असतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की एका क्षणात अंगावर उसळतं. मुकाट्यानं तासभर थांबलो.

चूक माझीच होती. वर्षभर टाकीतली पातळी उतरली की मी बोअरचं पाणी ओतत होतो. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट हवंय कशाला?" हे माझंच तत्त्वज्ञान! पण कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसतं. त्यानं उकळण्याचं तापमान वाढतं आणि गंज थांबतो. जड पाण्याचा जो पांढरा थर पातेल्याला बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. आणि बंद यंत्रणेतलं पाणी सारखं कमी होतंय, म्हणजे ते कुठून तरी गळतंय, एवढं तरी मला कळायला हवं होतं. एक होज चिरला होता. बस्स.

दुरुस्ती करताना मेकॅनिक म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड राहील." हा सल्ला सर्रास मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही. इंजिनाला ठरावीक ऊब लागतेच. ती मिळाली नाही तर पेट्रोल जास्त जातं आणि झीजही वाढते. ताप आला म्हणून कुणी थर्मामीटर फेकतं का?

आता महिन्यातून एकदा, सकाळी गाडी गार असताना पातळी बघतो. कूलंट पुस्तिकेत सांगितलेलं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं, आणि मुदतीत बदललेलं. जुनं मात्र उघड्यावर ओतू नका हं, ते गोडसर लागतं आणि कुत्र्यामांजरांना विषारी असतं.

बाबा शेजारी उभे राहून बघतात, काही बोलत नाहीत. मनगटावरचा डाग पुरेसं बोलतो.