दिवसा वीज स्वस्त, पण दिवसा घरी आहे कोण?

कर्जत किंवा नेरळहून रोज मुंबईला जाणाऱ्यांचं घर सकाळी सहा-सातला कुलूपबंद होतं आणि रात्री आठनंतरच उघडतं. अशा घरात स्मार्ट मीटर बसला की बिलावर 'टीओडी' नावाचा प्रकार दिसायला लागतो. मग सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न येतो: हे काढून जुना सरसकट दर परत मिळेल का?

आधी दर काय आहे ते बघू. टीओडी म्हणजे टाइम ऑफ डे, थोडक्यात वेळेनुसार दर. राज्य वीज नियामक आयोगाच्या 25 जून 2025 च्या आदेशाप्रमाणे 1 जुलैपासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सूट मिळू लागली. पुढच्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने 1 रुपयापर्यंत न्यायची आहे. महत्त्वाचं म्हणजे घरगुती ग्राहकांना संध्याकाळसाठी जादा आकार लावलेला नाही. म्हणजे गणित एकतर्फी आहे: नेहमीचं बिल वजा दिवसाचे युनिट गुणिले 80 पैसे. दिवसा शून्य युनिट जळले तरी बिल सरसकट दराइतकंच येईल, जास्त नाही. त्यामुळे आज सरसकट दरावर परत जाऊन एक रुपयाही वाचत नाही.

आता महिन्याला 120 युनिट वापरणारं, नवरा-बायको दोघंही नोकरीला जाणारं घर धरा. फ्रिज चोवीस तास चालतो, त्यामुळे त्याचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे दहाएक युनिट, आपोआप सूट असलेल्या वेळेत पडतात. रविवारची वॉशिंग मशीन, टीव्ही, पंखे मिळून आणखी दहा. वीस युनिट म्हणजे 16 रुपये. वडापावची सोय झाली, बस्स. पहाटेचा गीझर, रात्रीचा एसी, सगळं सूट नसलेल्या वेळेत. याउलट आजी-आजोबा घरी असतील, पाण्याची मोटर आणि मशीन दुपारी चालत असेल आणि साठ युनिट दिवसा जात असतील तर 48 रुपये. आणि खरा फायदा माझ्या मते खालापूरकडच्या फार्महाउसवाल्यांचा. शनिवार-रविवारी भर दुपारी एसी आणि पूलचा पंप त्यांचाच चालतो!

एक गैरसमज इथेच काढून टाकू. स्लॅब महिन्याच्या एकूण युनिटवर ठरतो, वेळेवर नाही. काम दुपारी केलं म्हणून 120 चे 100 युनिट होत नाहीत. शंभरच्या पुढचा युनिट जवळजवळ दुप्पट महाग आहे, त्यामुळे वीस युनिट दुपारकडे सरकवण्यापेक्षा वीस युनिट वाचवले तर कितीतरी जास्त पैसे वाचतात.

मग दुपारच स्वस्त का? सोलरमुळे. पूर्वी उद्योगांना रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट होती. आता सूट उन्हाच्या तासांकडे सरकली आहे, त्यामुळे रात्रपाळीवर हिशोब बांधलेल्या कारखान्यांना तो पुन्हा मांडावा लागतोय. ब्रिटनमध्ये उलटा प्रकार होता. तिथे 1978 पासूनच्या 'इकॉनॉमी 7' योजनेत रात्रीचे सात तास स्वस्त आणि दिवसाचा दर मात्र चढा. ज्यांचा रात्रीचा वापर कमी, त्यांना तोटा व्हायचा. म्हणून तिथे लोक खरोखरच सरसकट दरावर परत जातात, आणि तो पर्याय त्यांच्या हातात असतो.

आपल्याकडे तो नाही. केंद्राच्या जून 2023 च्या नियमांनुसार स्मार्ट मीटर बसला की वेळेनुसार दर लागू. त्याच नियमांत गर्दीच्या वेळेचा दर घरगुती ग्राहकांसाठी नेहमीच्या किमान 1.1 पट ठेवायची तरतूदही आहे. समजा उद्या संध्याकाळी 50 पैसे जादा लागले (हा आकडा फक्त उदाहरणासाठी). वरच्या 120 युनिटच्या घरात साठ युनिट संध्याकाळचे असतील तर 30 रुपये वाढले, 16 वाचले, म्हणजे 14 रुपये तोटा. तोटा टाळायला दिवसाचे किमान 38 युनिट हवेत. रात्री आठला कर्जत लोकलमधून उतरणाऱ्याने ते आणायचे कुठून?

गंमत म्हणजे यावरचा दुसरा उपाय आपल्याच तालुक्यात उभा राहतोय. खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 चं, भिवपुरीचं 1922 चं. दोन्ही घाटावरच्या पाण्यावर चालणारी आणि मुंबईला वीज देण्यासाठी बांधलेली. त्याच भिवपुरीला 1000 मेगावॉटच्या पंप स्टोरेज प्रकल्पासाठी टाटा पॉवरने 2023 मध्ये राज्य सरकारशी करार केला. वीज मुबलक आणि स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. ग्राहकाने मशीन दुपारी लावावी असं सांगण्याऐवजी दुपारची वीजच संध्याकाळी आणायची, असा हा प्रकार.

तोपर्यंत मीटर काढायच्या अर्जामागे वेळ घालवू नका. महावितरणच्या ॲपवर महिनाभराचा वापर बघा आणि 9 ते 5 चे युनिट वेगळे लिहून ठेवा. संध्याकाळच्या जादा दराचा प्रस्ताव आला तर आयोग जनसुनावणी घेतो, तिथे ग्राहकाला लेखी हरकत देता येते. तेव्हा हेच आकडे कामाला येतील.