किचनच्या बजेटमध्ये फुप्फुसांचा हिस्सा किती?

किचनचं नूतनीकरण हा आपल्याकडे सुताराचा, इंटिरियरवाल्याचा आणि फार तर बँकेचा विषय समजला जातो. डॉक्टरने त्यात नाक खुपसायचं काय कारण? कारण आहे. नव्या किचनसाठी 3-4 लाख खर्च केलेल्या घरांतल्या बायका माझ्याकडे खोकला, धाप, खांदेदुखी, कंबरदुखी आणि मनगटाची फ्रॅक्चर्स घेऊन येतात. औषध लिहून देता येतं, पण चुकीच्या उंचीचा ओटा किंवा बंद केलेली खिडकी गोळीने सुधारत नाही.

म्हणून आज थोडं स्पष्ट बोलतो. आपण किचनचं बजेट उलट्या क्रमाने करतो. आधी शटरचा रंग, मग ओट्याचा दगड, मग टँडम ड्रॉवर आणि सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या. पैसे संपत आले की हवा, प्रकाश, फरशी आणि वायरिंग यांच्यावर काटछाट. चकचकीत ॲक्रिलिक शटरसाठी लॅमिनेटपेक्षा कितीतरी जास्त पैसे आनंदाने मोजणारं कुटुंब दोन-तीन हजारांच्या एक्झॉस्ट फॅनवर मात्र "बघू नंतर" म्हणतं. ते "नंतर" कधीच येत नाही.

यात दोष फक्त तुमचा नाही. मॉड्युलर किचनचं कोटेशन काढून बघा. दर लावलेला असतो तो शटरच्या चौरस फुटावर नाहीतर ओट्याच्या रनिंग फुटावर. तुम्ही घेत असलेल्या श्वासाचा चौरस फूट नसतो, त्यामुळे त्याची ओळही कोटेशनमध्ये नसते. ज्याची ओळ नाही, त्यावर चर्चा होत नाही. ती ओळ तुम्हीच घालायची आहे.

पहिली ओळ: हवा

फोडणीचा ठसका ही नुसती गंमत नाही. तेल कडक तापलं की त्यातून अतिसूक्ष्म कण आणि त्रासदायक रसायनं निघतात. हे कण इतके बारीक असतात की ते थेट फुप्फुसांच्या खोल भागात पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2006 मध्ये उच्च तापमानाला तळताना निघणाऱ्या धुराची गणना "बहुधा कर्करोगकारक" या गटात केली. घाबरून जाऊ नका, आठवड्यातून एकदा भजी तळल्याने कुणाला कॅन्सर होत नाही. पण बंद खोलीत वर्षानुवर्षं रोज दोन-तीन तास हा धूर घेणं ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय गॅसच्या निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण दमा असलेल्या मुलाच्या श्वासनलिकेला बरोबर कळतो.

आता आपण नूतनीकरणात काय करतो? मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पहिला बळी जातो ड्राय बाल्कनीचा. ती काचा लावून किचनमध्ये घेतली जाते, कारण चाळीस चौरस फूट वाढतात. त्याबरोबर किचनची हवा येण्या-जाण्याची वाट बंद होते. मग चिमणी बसते, आणि तिचा पाइप त्याच बंद बाल्कनीत सोडलेला असतो! धूर किचनमधून निघून दोन फुटांवर जाऊन बसतो आणि परत येतो.

चिमणीबद्दल चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, डक्ट नसलेली चिमणी कोळशाच्या फिल्टरमधून हवा फिरवून परत खोलीतच सोडते. थोडा वास आणि तेल अडतं, पण वाफ आणि गॅसच्या ज्वलनातून निघणारे वायू तिथेच राहतात. पाइप बाहेर काढणं शक्य असेल तर हा पर्याय घेऊ नका. दोन, पाइप शक्य तितका छोटा आणि सरळ असावा, आणि चिमणीच्या तोंडापेक्षा त्याचा व्यास कमी नसावा. खोक्यावर लिहिलेला खेचण्याचा आकडा मोठा असला, तरी तीन वळणं आणि चुरगळलेला पाइप यांनी तो बराच खाली येतो. तीन, चिमणीला बाहेर टाकायला हवा लागते, म्हणजे आत येणारी हवाही लागते. खिडकी थोडी उघडी ठेवा. चार, आवाज ऐकून चिमणी घ्या. विमानासारखी घरघरणारी चिमणी आठवडाभरात बंदच राहते, आणि बंद चिमणी म्हणजे महागडी शोभा.

"आमच्या आजीने जन्मभर चुलीवर स्वयंपाक केला, तिला काय झालं?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. आजीचा तो कायमचा खोकला आठवतो का? जिना चढताना मध्ये थांबणं? कधीही विडी न ओढलेल्या बायकांमध्ये आम्हाला सीओपीडी दिसतो, त्यामागे चुलीचा धूर हे एक मोठं कारण आहे. आजीला झालं होतंच, फक्त त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

दुसरी ओळ: उंची, आणि ती जवळजवळ फुकट आहे

ओट्याची उंची कुणाच्या मापाने ठरते? बहुतेक ठिकाणी 34 इंच, कारण "स्टँडर्ड तेवढीच असते". आता हिशोब करू. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण 37 इंचांवर येतं. चिरण्या-मळण्याचं काम कोपराच्या 4 ते 6 इंच खाली असलं तर खांद्यावर ताण येत नाही. म्हणजे तिला ओटा हवा 31 ते 33 इंचांचा. आपण दिला 34. त्यावर 5 इंचांची शेगडी, त्यावर 4 इंचांची कढई. कढईचा काठ गेला 43 इंचांवर, म्हणजे कोपराच्या सहा इंच वर! ती रोज खांदे उचलून भाजी परतते आणि आपण तिला खांद्याला लावायला मलम देतो.

सिंकचं नेमकं उलटं आहे. त्याचा तळ ओट्यापेक्षा 7-8 इंच खाली असतो, म्हणून भांडी घासताना कंबर वाकते. तेव्हा शेगडीखालचा ओटा थोडा खाली घ्या, किंवा शेगडी ओट्यात बसवा. सिंकचा भाग थोडा वर ठेवा. सर्वांत जास्त वेळ जो उभा राहतो त्याला बोलवा, चप्पल घालून उभं करा, कोपर मोजा आणि मग कारागिराला माप द्या. याला खर्च जवळजवळ नाही, फक्त सांगायचं धैर्य लागतं.

रोजचे जड डबे कमरेच्या उंचीला ठेवा. छतापर्यंतची कपाटं सुंदर दिसतात, पण साठीच्या पुढच्या माणसाने स्टुलावर चढून पिठाचा डबा काढणं म्हणजे मनगट किंवा खुब्याच्या हाडाला आमंत्रण आहे. आणि मसाल्यांची मांडणी शेगडीच्या मागे मुळीच नको. ज्योतीवरून हात नेताना पदर किंवा ओढणी पेटते.

तिसरी ओळ: फरशी, प्रकाश, वीज आणि गॅस

आरशासारखी चमकणारी टाइल दुकानात छान दिसते. तिच्यावर तेलाचा थेंब आणि पाणी पडलं की ती काय करते, ते मनगटाच्या एक्स-रेमध्ये दिसतं. किचनला मॅट, खरखरीत टाइल घ्या. ती पुसायला थोडी जास्त मेहनत लागते, खुब्याच्या ऑपरेशनपेक्षा बरीच कमी.

दिवा छताच्या मधोमध असेल तर ओट्याशी उभ्या माणसाची सावली नेमकी त्याच्याच पाटीवर पडते. वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी लावा. मोतीबिंदू सुरू झालेल्या सासूबाईंना तिचं मोल विचारा.

इंडक्शन, मिक्सर, ओव्हन, केटल सगळं एका सॉकेटवर मल्टिप्लग लावून चालवायचं असेल, तर ते नूतनीकरण नव्हे. जड उपकरणांना 16 अँपिअरचे वेगळे सॉकेट, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. ओल्या हाताच्या माणसाचा जीव वाचवणारं हे उपकरण आहे, त्यावर घासाघीस नको.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साठतो. त्यामुळे सिलिंडर ज्या कपाटात ठेवणार, त्याला खालच्या बाजूला हवेची भोकं हवीतच. दार चकचकीत दिसावं म्हणून ती बुजवू नका. पाइप गॅस असेल तर त्याची नळी सुताराला किंवा प्लंबरला हलवू देऊ नका, गॅस कंपनीचा अधिकृत माणूसच बोलवा. रबरी सुरक्षा नळी 5 वर्षांनी बदलायची असते. काम काढलंच आहे तर तिच्यावरची तारीख बघून घ्या. गळतीसाठीचा हेल्पलाइन क्रमांक 1906 कपाटाच्या दाराच्या आत चिकटवा.

चौथी ओळ: दुसऱ्याची फुप्फुसं

तुमचा ओटा कापणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून कोरड्या ग्राइंडरने दगड कापतो. त्या पांढऱ्या धुळीत सिलिका असते. ग्रॅनाइटमध्ये ती साधारण एक तृतीयांश, तर कृत्रिम क्वार्ट्झमध्ये 90 टक्क्यांच्या आसपास असू शकते. या धुळीने सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. रुमालाने ही धूळ अडत नाही. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून कृत्रिम दगडावर बंदी घातली ती याच आजारामुळे. आपल्याकडे तो फॅशन म्हणून विकला जातो आहे. किमान एवढं करा: दगड पाणी सोडून कापायचा, शक्यतो कारखान्यात कापून आणायचा, आणि घरात घासायची वेळ आली तर कारागिराला चांगला मास्क द्यायचा, ही अट आधीच ठरवा. थोडे पैसे जास्त लागतील, ते बजेटमध्ये धरा. तीच धूळ तुमच्या घरातल्या मुलांच्या नाकातही जाते, हे वेगळं सांगायला नको.

नव्या प्लायवूड-एमडीएफचा डोळे चुरचुरवणारा वास बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइडचा असतो. हे रसायन कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेलं आहे. कमी उत्सर्जनाचे, ई-1 किंवा त्याहून चांगल्या दर्जाचे बोर्ड मागा, सगळ्या कडा बंद करून घ्या आणि काम संपल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवून मगच सामान लावा.

मग पैसे कसे वाटायचे?

समजा 4 लाख आहेत. त्यातले 40 हजार आधी बाजूला काढा, कारण जुनी भिंत फोडली की गळका पाइप निघतोच. त्यानंतरचे 1 लाख हवा, वीज, गॅस, फरशी आणि प्रकाश यांच्यासाठी राखून ठेवा. यातलं काही उरलं तर खुशाल शटरवर घाला. बाकीच्या रकमेत जे बसेल ते कपाट आणि तो दगड. बसत नसेल तर शटर साधं घ्या. शटर दहा वर्षांनी बदलता येतं, भिंतीतली वायरिंग आणि डक्टची वाट परत फोडावी लागते, आणि फुप्फुसं बदलून मिळत नाहीत.

शोरूममध्ये तुम्हाला विचारतात, "मॅडम, कोणता रंग?" पुढच्या वेळी तुम्ही उलट विचारा: धूर कुठून बाहेर जाणार? ओटा किती इंचांचा? सॉकेट किती? सिलिंडरच्या कपाटाला भोकं कुठे? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं दुकान बघा. आणि कर्ज काढून किचन करत असाल तर एवढं लक्षात ठेवा: हप्ता घरातला कुणीही भरो, धूर मात्र ओट्याशी उभा राहणाराच घेतो. म्हणून बजेटवर सही करण्याआधी त्या व्यक्तीला विचारा आणि तिचं ऐका.

घरी किचनचं काम निघणार असेल, तर कोटेशन पक्कं करायच्या आधी हा लेख घरात सगळ्यांना वाचायला द्या.